जवळ बसू का लांब?

नाना, मी तुमची थोरली. अक्षरावरून ओळखणार नाही तुम्ही, कारण माझं अक्षर तुम्ही पाहिलं ते पाटीवरचं, आणि तेही पुसायच्या आत जेवढं दिसलं तेवढंच. चौथी झालेल्या पोरीचं अक्षर जसं असावं तसंच ते राहिलंय, फक्त आता वयानं थरथरतं. जोडाक्षर आलं की मी अजून थांबते, ओढ्यात पाय घालायच्या आधी म्हैस थांबते तशी. सकाळी सुनेनं विचारलं, आई, एवढं काय लिहिताय? मी म्हटलं, सही गिरवतेय. ती हसली आणि कामावर गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होता, त्याहून मी आता मोठी आहे. म्हणजे तसं पाहिलं तर तुम्हाला अरे-तुरे करायला हरकत नाही, पण जीभ वळत नाही. असू दे.

सांगायचं ते असं की आता शाळेत मनाचं शिकवतात. खरंच. राग आला तर त्याचं काय करायचं, रडू आलं तर कुठं जायचं, मैत्रीण बोलेनाशी झाली तर आपण कसं बोलायचं, असलं सगळं. तुमची पणती तिसरीत आहे, तिच्या वर्गात शनिवारी शेवटचा तास ह्याचा असतो. पोरं त्याला मनाचा तास म्हणतात. आम्ही नाशिक रोडला राहत होतो तिथल्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, ह्याचं काय शिकवायचं, त्यापेक्षा पाढे घ्या म्हणावं पोरांचे, पंधराचा पाढा येत नाही एकाला. मीही मान डोलावली होती. पाढे तर हवेतच. पण पुढं जे झालं त्यानं मला तुमची आठवण आली, आणि आली ती जाईना. म्हणून हा उद्योग.

आपल्या पडवीच्या कोपऱ्यात फाटक्या गोण्यांची थप्पी असायची, आठवतं? तुम्ही दिवसभर विंचूरला व्यापाऱ्याच्या खळ्यावर बसून कांद्याच्या भरलेल्या गोण्यांची तोंडं शिवायचा, आणि फाटकं बारदान सांधायला घरी आणायचा. दाभण टोपीत खोचलेलं असायचं. आई म्हणायची, ह्यांच्या जवळून जाताना माणसानं बेतानं जावं. तर त्या थप्पीचा तुम्ही नियम केला होता. घरात ज्याला राग आला त्यानं तिथं जाऊन बसायचं. तिथं बसलेल्याला कुणी हाक मारायची नाही, काम सांगायचं नाही, आणि काय झालं हे तर विचारायचंच नाही. मन झालं की आपलं आपण उठून यायचं. आलं की हातावर गुळाचा खडा, आणि विषय संपला. आईसुद्धा बसायची. पण ती बसताना मांडीवर तांदळाचं ताट घ्यायची निवडायला, राग वाया जाऊ नये म्हणून. एकदा धाकटा आणि मी एकदमच रुसलो आणि थप्पीवर कुणी बसायचं ह्यावरून पुन्हा भांडलो, तेव्हा तुम्ही गोण्यांचे दोन भाग करून दिले होते. गावात दुसऱ्या कुणाच्या घरात असलं काही नव्हतं. बाकीच्यांच्या घरी राग आला की ताटली उडायची नाहीतर हात उठायचा. आपल्या घरी आवाज चढलेला मला आठवत नाही.

मला तुम्ही एकदाच रागावलात, ते त्या थप्पीवरूनच. धाकटा बसला होता, तोंड सुजल्यासारखं करून. मला राहवलं नाही. मी जाऊन विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, काय नाय. तुम्ही मला अंगणात बोलावलंत आणि म्हणालात, "विचारू नको कुणाला. विचारलं की माणूस खोटं बोलतं. बसू दे, मन निवलं की येईल." तुमचा आवाज तेव्हाही वर गेला नव्हता. ते वाक्य मी पदरात बांधून सासरी नेलं. माझी पोरं वाढवली ती त्याच वाक्यावर. दोघंही गुणी निघाले, भांडकुदळ नाहीत, आणि दोघांनाही काय झालं म्हणून विचारलं की म्हणतात, काही नाही.

आणि मी स्वतः त्या थप्पीवर शेवटची बसले तो दिवस. चौथीचा निकाल लागला होता. आपल्या गावातली शाळा चौथीपाशी संपायची. गुरुजी घरी येऊन सांगून गेले होते की पोरीला डोकं आहे, पाचवीला विंचूरला घाला. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत, त्यांना चहा पाजलात. मग शाळा उघडायचा दिवस आला, आई कांदा निवडायला निघाली, आणि निघताना तिनं तान्ह्या धाकट्या बहिणीला माझ्या मांडीवर ठेवलं. एवढंच. शाळा बंद असं कुणी म्हटलंच नाही, त्यामुळे का असं विचारायलाही जागा नव्हती. मी उठले, पोर परत आईच्या हातात दिलं आणि थप्पीवर जाऊन बसले. आई दारात उभीच राहिली. तुम्ही तिला म्हणालात, आज नको जाऊ. तुम्हीही खळ्यावर गेला नाहीत. दिवसभर मी भिंतीला पाठ लावून बसलेय, गोण्यांना कांद्याचा वास येतोय, पायाला सुतळ्या टोचतायत, आणि भिंतीपलीकडे अंगणात तुम्ही गोण्या शिवताय. सुतळी ओढली की सर्र आवाज येतो. मग थोडं थांबून पुन्हा सर्र. मी मनात म्हणतेय, ह्यांना काय, ह्यांचं काम चाललंय.

दिवस कलला तशी मी उठून आले. तुम्ही गूळ दिलात, नेहमीपेक्षा मोठा खडा. मी खाल्ला. धाकटीला काखेत घेतलं. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा आवाज आला, "अहो, हे काय करून ठेवलंय? रिकाम्या गोण्यांची तोंडं शिवलीत की हो!" बघतो तर खरंच. सांधून झालेल्या, व्यापाऱ्याला परत द्यायच्या धडधाकट गोण्या, आत कांद्याचं साल नाही, आणि वरून तोंडं शिवून बंद. आई दुपारपर्यंत उसवत बसली. ही गोष्ट तुमच्या मागे कायमची लागली. लग्नकार्यात सोयरे म्हणायचे, नानांच्या हाती रिकामी पिशवी देऊ नका बरं का, शिवून ठेवतील. तुम्ही हसायचा. मीही हसायचे. तुम्ही गेल्यावरही आम्ही भावंडं जमलो की ती गोष्ट निघायची आणि आम्ही डोळे पुसेपर्यंत हसायचो. तुम्ही असं का केलंत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती ना आपल्यात.

आता इकडचं. धाकट्या मुलाने गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. नाशिक रोडला भाड्याने होतो तिथं तीन खोल्या होत्या, जुन्या पण ऐसपैस, हा नवा पण दोन खोल्यांचा. लिफ्ट आहे, आणि खिडकीशी वारा असा की मिरच्या वाळत घातल्या तर खाली दुसऱ्याच्या गाडीवर. मुलगा एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, आई, तू गावी दादाकडे राहशील ना, तिथं तुला मोकळं वाटेल. मी म्हटलं, बरंय की. तो म्हणाला, नक्की ना? मी म्हटलं, मला मेलीला काय, कुठंही राहीन. नाना, मला जायचं नव्हतं. थोरला वाईट नाही, सून तर गाईसारखी आहे. पण ही पोर जन्मल्यापासून माझ्या कुशीत झोपते. झोपताना माझ्या कानाची पाळी धरते, आणि झोप लागली की पाळी सुटते, त्यावरून मला कळतं की झोपली. तिच्याशिवाय मला झोप येणार नव्हती हे मला ठाऊक होतं. पण पोराला नवीन घराचा आनंद झालेला, त्यात आपण कशाला रडगाणं? आणि ठरलं काय, तर पोरीला एवढ्यात सांगायचं नाही, उगाच हिरमुसेल. झाकून ठेवलं सगळ्यांनी मिळून.

पण पोर बदलली. शाळेतून आली की दप्तर भिंतीवर आपटायची. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला तिनं ढकललं, त्या पोरीचं कोपर सोललं. काय गं झालं म्हटलं की म्हणायची, काही नाही. मग सुनेच्या मोबाइलवर मॅडमचा निरोप आला, शनिवारी शेवटच्या तासाला घरातलं कुणीतरी येऊन बसा. मुलगा आणि सून दोघंही कामावर. म्हणून मी.

मला वाटलं, बोलणी खायला बोलावलंय. आमच्या वेळी घरच्यांना शाळेत बोलावलं म्हणजे काही खरं नसायचं. आई गुरुजींना म्हणून आली होती ना, हाडं आमची, कातडं तुमचं. मी ठरवून गेले की असलं काही बोलायचं नाही, नातीच्या वतीनं माफी मागायची आणि विषय मिटवायचा. थोरल्याने गावाहून द्राक्षं पाठवली होती, त्यातली पिशवीभर घेतली. रिकाम्या हातानं कशाला जा. इस्त्रीचं लुगडं नेसले, चपला पुसल्या. मॅडम निघाल्या माझ्या नातसुनेच्या वयाच्या, म्हणजे मला नातसून असती तर. पंजाबी ड्रेस, पायात कापडी बूट. मी पिशवी पुढं केली आणि म्हटलं, पोर लहान आहे, चुकलं तिचं, पदरात घ्या. त्या म्हणाल्या, "आजी, ओरडायला नाही बोलावलं. बसायला बोलावलंय." आणि द्राक्षं धुऊन वर्गाच्या मध्ये ठेवली, सगळ्यांना.

वर्गात बाकं भिंतीला लावलेली, पोरं सतरंजीवर गोल करून बसलेली. मला खुर्ची दिली, पण मग पोरं माझ्या गुडघ्यांकडे बघायला लागली, म्हणून मी खालीच बसले. उठायचं पुढचं पुढं बघू म्हटलं. भिंतीवर कागदाचे गोल चेहरे लावलेले. हसरा, रडका, रागीट, घाबरलेला, कंटाळलेला. दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे असतात ना, त्यांवर एकेका पोराचं नाव. सकाळी आलं की ज्याला जसं वाटत असेल त्या चेहऱ्याला त्यानं आपला चिमटा लावायचा. कुणी विचारत नाही, का. नुसतं लावायचं. मी नातीचा चिमटा शोधला. तो सगळ्यांत शेवटी, एका वेगळ्याच गोलाला. त्याला दोन डोळे होते आणि तोंड नव्हतं. मॅडम हळूच म्हणाल्या, हा तिनं स्वतः काढून लावलाय. त्यांनी तिला विचारलं होतं हा कोणता, तर म्हणाली, हा काहीनाही चेहरा, आमच्या घरी असतो.

मला एकदम घरातले सगळे दिसले हो. मुलगा जेवताना, सून डबा भरताना, मी देवापाशी. आणि तुम्ही, टोपीत दाभण खोचलेले.

मग तास सुरू झाला. लोकरीचा गुंडा फिरवतात. ज्याच्या हातात गुंडा, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. बोलायचं नसेल तर गुंडा पुढं द्यायचा, त्यालाही कुणी काही म्हणत नाही. त्या दिवशीचं बोलायचं होतं, घरात काय नवीन होणार आहे आणि त्याचं मला कसं वाटतं. एकाकडे गाय व्यायची होती. एकीचे वडील पुण्याला नोकरीला जाणार होते, ती म्हणाली, मला भीती पण वाटते आणि आनंद पण होतो कारण ते येताना खाऊ आणणार, आणि मॅडम म्हणाल्या, दोन्ही एकदम होऊ शकतं. हे मला फार पटलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे गुंडा आला तेव्हा मी आपलं म्हटलं, नवीन घर होतंय, छान वाटतं. पुढं दिला. पुढं नातच होती. तिनं गुंडा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, गुंडा जमिनीवर सोडला आणि उठून गेली कोपऱ्यात.

आणि त्या कोपऱ्यात काय, नाना! एक गोधडी, दोन उशा. बाजूला एक बरणी, पाण्यात चमचम सोडलेली, हलवून ठेवली की चमचम हळूहळू खाली बसते, तेवढा वेळ बसायचं. त्याला शांत कोपरा म्हणतात. मी बघतच राहिले. बारदानाचीच थप्पी, फक्त टोचत नाही. माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, बसू द्या तिला, कुणी विचारू नका, येईल ती. मॅडम म्हणाल्या, हो आजी, बसू देतोच आम्ही. मला असा आनंद झाला की काय सांगू. वाटलं, माझ्या नानांचं इथवर आलं.

पण मग एक पोरगी उठली. दोन शेपटे, कोपराला पट्टी. तीच, जिला आपल्या पोरीनं ढकललं होतं. मी म्हणणार होते, अगं नको जाऊ. ती कोपऱ्यापासून चार पावलांवर थांबली आणि तिनं विचारलं,

"जवळ बसू का लांब?"

नात भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "लांब."

ती पोरगी तिथंच, होती त्या फरशीवर बसली. बोलली नाही, बघितलंही नाही. आपल्या फ्रॉकचा दोरा ओढत बसली. इकडे गुंडा फिरतोय, गाय, पुणं, द्राक्षं. बऱ्याच वेळानं कोपऱ्यातून आवाज आला, "आता जवळ." ती सरकली. दोघींची डोकी एकत्र आली, काहीतरी कुजबुज झाली. तास संपता संपता दोघी हात धरून गोलात आल्या. नातीनं गुंडा मागितला. तो मांडीत घट्ट धरला आणि म्हणाली, "माझी आजी गावाला जाणार आहे आणि मला कुणी सांगितलं नाही. बाबा पलंगाचं माप घेत होते तेव्हा मी ऐकलं. मला राग आला कारण सगळे काही नाही म्हणतात. मला आजी हवी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, शहाण्या आहेत. गुंडा पुढं गेला. मी पदर तोंडाला लावून बसले होते. पलीकडच्या पोरानं मला विचारलं, आजी, जवळ बसू का लांब? मी म्हटलं, अरे तू बसलेलाच आहेस जवळ. तर म्हणाला, तरी विचारायचं असतं.

घरी येताना आम्ही दोघींनी पेरू घेतला, मीठ लावून. मी तिला विचारलं, मैत्रीण एवढी आपण होऊन आली, तर तू तिला लांब का म्हणालीस गं? ती पेरू खाता खाता म्हणाली, "आजी, लांब म्हणजे जा नाही. लांब म्हणजे बस, पण लांब." जसं काही हे कोणालाही कळतं. मी रस्त्यातच उभी राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

ते पुढं सांगते, आधी जेवणाचं सांगू दे. त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी होती. पोरीनं लोकरीचा गुंडा नाही म्हणून सोललेला कांदा हातात घेतला आणि म्हणाली, ज्याच्या हातात कांदा त्यानं बोलायचं. मुलगा मोबाइलवर होता, सुनेनं त्याचा मोबाइल उपडा ठेवला. कांदा पहिला माझ्याकडे आला. आजी, तुला गावाला राहायला जायचंय? माझ्या तोंडून सवयीनं निघालं, बरंय की. पोर म्हणाली, "ते बरंय नको. ते तोंड नसलेलं आहे." नाना, मग मी म्हटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. मला नाही जायचं. तुमच्यापासून लांब मला झोप येणार नाही. आणि कांदा पटकन मुलाकडे दिला, निखारा द्यावा तसा.

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाला, "आई, मला वाटलं तुला इथं कोंडल्यासारखं होतं. तू गावाचं नाव काढलं की खुलतेस. म्हणून मी आपणहून..." मला वाटत होतं त्याला जागा हवीय, त्याला वाटत होतं मला गाव हवंय. दोघं एकमेकांसाठी नको ते घेऊन बसलो होतो. मग सुनेनं कांदा ओढून घेतला. ती म्हणाली, मी बिल्डरकडे गॅलरी बंद करून घेऊ म्हणत होते, आईंचा पलंग बसतो तिथं, तर हेच म्हणाले गरज नाही. आणि उठून ओट्यापाशी गेली, पाठ करून उभी राहिली. पोरीनं बापाला कोपर मारलं. तो बिचारा दारात जाऊन घाबरत म्हणाला, जवळ बसू का लांब? सून म्हणाली, आधी भांडी घासा, मग सांगते. त्यानं घासली. काय सांगू नाना, कढई काळीच राहिली होती, पण मी काही बोलले नाही.

तर मी इथंच आहे. गॅलरीला खिडक्या लावून घेतल्या, तिथं माझा पलंग आहे. तुमची पणती तिच्या खोलीत झोपायचं सोडून इथंच येते. सगळं गोड झालं असं नाही. थोरला रुसला, म्हणाला, मी खोली रंगवून ठेवली होती आईसाठी. पूर्वी मी आठ दिवस फोन केला नसता, बसू दे म्हटलं असतं. ह्या वेळी लगेच केला. विचारलं, अरे, जवळ येऊ का लांब राहू? तो म्हणाला, कांदा काढायला आला की ये जवळ. जाऊन आले महिनाभर. खोली गुलाबी रंगवली होती त्यानं. मला गुलाबी आवडतं हे त्याला कधी कळलं कोण जाणे.

आता तुमचं. त्या दिवशी पेरू खाता खाता मी रस्त्यात थांबले होते ना, तेव्हा माझ्या कानात सुतळीचा आवाज आला. सर्र. मग थांबून पुन्हा सर्र. सांधायच्या गोण्या सगळ्या माझ्याखाली होत्या, मी त्यांच्यावर बसले होते. मग भिंतीपलीकडे तुम्ही दिवसभर काय शिवत होता? खळ्यावर गेला नाहीत, दिवसाचा रोज बुडवलात, अंगणात उन्हात बसलात, हाताला लागतील त्या धड गोण्या घेतल्यात आणि त्यांची तोंडं शिवत राहिलात, आवाज होत राहावा म्हणून. मी इतकी वर्षं समजत होते की त्या दिवशी मी एकटी बसले होते. एकटी नव्हते. तुम्ही लांब बसला होता.

नाना, तुमचा नियम वाईट नव्हता. काय झालं म्हणून विचारलं की माणूस खोटं बोलतं हे अगदी खरं आहे. फक्त खोटं बोलता येणार नाही असाही एक प्रश्न असतो, तो आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हता. तो तिसरीतल्या पोरींना ठाऊक आहे. तुम्ही तेव्हा भिंतीवरून तेवढंच विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, जवळ. शाळा सुटायची ती सुटलीच असती, धाकटीला सांभाळणार कोण होतं. पण आपण दोघं एका थप्पीवर बसलो असतो. तुम्ही विचारलं नाहीत, आणि इकडून मीही तुम्हाला विचारलं नाही. तुम्हालाही कुणीतरी जवळ हवं असेल हे मला आत्ता कळतंय, ह्या वयात. शिकायला उशीर झाला, पण अभ्यास चालू आहे.

हा कागद काही मी पाठवणार नाही. गावाहून येताना थोरल्याच्या कांद्याच्या चाळीतलं एक जुनं बारदान घडी घालून आणलंय, सुनेच्या नाकावर टिच्चून, ते गॅलरीत माझ्या पलंगाशी घातलंय. त्याच्याखाली सरकवून ठेवते. आणि एक सांगू का, तुम्ही काही कुणाला सांगणार नाही म्हणून सांगते. मला आता रुसायला काही कारण उरलेलं नाही. तरी शाळेची बस यायच्या वेळेला मी त्या बारदानावर जाऊन बसते, तोंड पाडून. पोर येते, दप्तर ठेवते, चार पावलांवर थांबते आणि विचारते. मी लगेच उत्तर देत नाही, संशय येईल. थोडा वेळ लांब म्हणते. मग जवळ.

खाली बसचा आवाज आला. आता तोंड पाडायला हवं.